एका खोलीतली दोन अंथरुणं

ज्या दिवशी मला कळलं, त्या दिवशी मी स्वतःसाठी दवाखान्यात गेलेच नव्हते. माझा पहिला नवरा आजारी होता. खोकला, ताप, अंगावरचं मांस उतरलेलं. आधी टीबी निघाला, मग रक्त तपासल्यावर एचआयव्ही. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुमचीही तपासणी करून घेऊ." मी म्हटलं, "करा की. मला काय झालंय?" आणि हात पुढे केला.

निकाल सांगायच्या आधी त्यांनी खुर्ची टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी आणली. मला काहीतरी झालंय, हे मला त्या खुर्चीवरूनच कळलं. त्या बोलत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आमच्या म्हशीची. ती माझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नव्हती. मी त्यांना तेच विचारलं, "मला हितं ठिवून घेतलं तर म्हशीचं काय करायचं?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठेवून नाही घेत. तुम्ही घरी जाणार, म्हशीची धार काढणार आणि रोज गोळी घेणार."

नवरा त्या दुखण्यातून उठला नाही. त्याच्यापर्यंत औषध फार उशिरा पोचलं. हे त्याला कुठून आलं ते त्याने सांगितलं नाही आणि शेवटी शेवटी मीही विचारायचं सोडलं. ज्याला हाताला धरून न्हाणीत न्यावं लागतं, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

इथं माझं नाव मी सुमन असं लिहिते. खरं नाव वेगळं आहे, बाकीच्यांचीही बदललेली आहेत. गोळ्या कशा घ्यायच्या, खायचं काय, हे सांगणारे मला पुष्कळ भेटले. पण या आजारानंतर बाई म्हणून, बायको म्हणून कसं जगायचं, हे उघड बोलणारं माणूस मला फार उशिरा भेटलं. त्यासाठी हे लिहितेय.

*

मी माहेरी परत आले, वडगाव रासाईला. नदीकाठची जमीन, शेवंती आणि झेंडू. पहिले काही महिने गोळ्यांनी गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, सकाळी बांधावर बसूनच राहावंसं वाटायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, लांबूनच म्हणायचे, "बस तशीच. शेवंती काय पळून चालली न्हाई."

गोळ्या आणायला शिरूरला जावं लागे. आप्पा प्रत्येक वेळी बरोबर यायचे. आत यायचे नाहीत. डेपोजवळच्या हॉटेलातून गरम जिलेबी घ्यायचे आणि मी बाहेर आले की पुडा हातात द्यायचे. दवाखान्यात काय झालं ते एकदाही विचारलं नाही. फक्त म्हणायचे, "खा. निवंल."

घरात सगळंच असं गोड नव्हतं. वहिनी माझे कपडे वेगळे धुवायला लावायची. मी भांडले नाही. तिला दोन लेकरं होती, तिची भीती मला समजत होती. मग एका पावसाळ्यात तिला चिकुनगुनिया झाला. हातपाय असे धरले की तिला कंगवा उचलवेना. रोज तिचे केस मी विंचरायचे, वेणी घालायचे. बरी झाल्यावर एके दिवशी तिने माझी साडी उचलून स्वतःच्या बादलीत टाकली.

*

दिलीप पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. दौंडला त्याचं वायंडिंगचं दुकान होतं आणि आमच्या गावात त्याचे मामा राहत, त्यामुळे नदीवरच्या बऱ्याच मोटारी त्याच्याकडंच असायच्या. चाळिशीचा माणूस. त्याची बायको लग्नानंतर वर्षभरात निघून गेली होती, फारकत झाली होती. तो बोलायचा कमी, पण मोटार खोलली की मला दाखवायचा, "हे बगा, हितं जळलंय." मी कशाला बघायला पाहिजे होतं कुणास ठाऊक. पण मी बघायचे.

एकदा नदीच्या काठावर मोटार खोलून बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तुमच्या आप्पांस्नी एक गोष्ट विचारायची हाय. पर आधी तुमाला विचारतो."

कुठली गोष्ट ते मला कळलं. मी त्याला बोलूच दिलं नाही. मला कोणता आजार आहे, पहिला नवरा कशाने गेला, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग उठला, बाईकला किक मारली आणि गेला. मोटार तशीच उघडी पडली होती.

आप्पा दोनदा म्हणाले, "ह्यो दिलीप मोटार खोलून कुठं गेला?"

काही दिवसांनी तो आला. आधी मोटार पूर्ण केली, पाण्यात सोडली, पाणी आलेलं पाहिलं. मग माझ्याकडं आला.

"दौंडच्या सरकारी दवाखान्यात गेलतो," तो म्हणाला. "माजं रक्त तपासलं. काय निघालं न्हाई. आन् तिथल्या शेख मॅडमला सगळं इचारलं. तुमचं नाव न्हाई घेतलं."

"काय विचारलं?"

"असा आजार असलेल्या बाईसंगट लगीन करता येतं का. त्या म्हणल्या, येतं. दोघं या, नीट सांगते."

त्याने हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं.

"एक गोष्ट मात्र त्यास्नी ठावं नव्हती," तो म्हणाला.

"कुठली?"

"तुमाला मी पसंत हाय का."

*

लग्न घरातल्या घरात झालं. दौंडला रेल्वे लाइनीजवळ त्याची दोन खोल्यांची जागा. बाहेरच्या खोलीत सासूबाई, आतल्या खोलीत आम्ही. सासूबाईंना माझ्या आजाराचं माहीत नव्हतं. मी तयार होईन तेव्हा सांगू, असं आमचं ठरलं होतं.

आत नवा पलंग होता. मी पहिल्या दिवशीच खाली अंथरूण घातलं. दिलीप म्हणाले, "कंबर दुखतीया का?" मी म्हटलं, "व्हय." दुसऱ्या दिवशी म्हटलं, उकडतंय. तिसऱ्या दिवशी मला कारण सुचेना आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी आपलं अंथरूणही खाली घातलं, समोरच्या भिंतीला. मधे पलंग रिकामा.

सासूबाई सकाळी झाडायला आत आल्या की बघत राहायच्या. "पलंग काय देवाला ठिवलाय व्हय रं?" असं लेकाला म्हणायच्या.

मला ते हवेसे वाटत नव्हते असं नाही. उलट, फार वाटायचे. ते जेवताना भाकरी मोडायचे तर मी त्यांच्या बोटांकडं बघत राहायचे. आणि लगेच मला पहिल्या नवऱ्याचे हात आठवायचे, काटक्यांसारखे झालेले. वाटायचं, हे चांगले हात मी तसे करून ठेवणार. एकदा त्यांच्या हातून माझं नेलकटर उचललं गेलं, तर मी झडप घालून हिसकावलं.

एका दुपारी मी दुकानात डबा घेऊन गेले. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी डबा उघडला नाही.

"सुमन," ते म्हणाले, "तुला मी आवडत नसंल तर तसं सांग. धरून ठिवणार न्हाई मी. पहिलीनं बी सांगितलं नव्हतं, नुसती गेली. तू तरी सांगून जा."

मी तिथंच, तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांत बसून रडले. "आवडता म्हणूनच," एवढंच म्हणता आलं. मग हळूहळू बाकीचं सांगितलं, त्या काटक्यांसारख्या हातांसकट.

त्यांनी सगळं ऐकलं. मग डबा उघडला, अर्धी भाकरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आपण मॅडमकडं जायला पायजे हुतं. लग्नाच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं. उद्या दुकान बंद."

*

शेख मॅडम पन्नाशीच्या. चष्मा कपाळावर ढकललेला, टेबलावर स्टीलची पाण्याची बाटली आणि एक लाकडी लिंग, अगदी उघड ठेवलेलं. मी बसल्या बसल्या पदर तोंडाला लावला. त्या म्हणाल्या, "लाजा, काही हरकत नाही. लाजत लाजत ऐका."

आधी त्यांनी आमच्या भीतीची चौकशी केली. काय काय वेगळं ठेवता? मी सांगितलं: अंथरूण, ताट, टॉवेल, साबण. त्या एकेक ऐकत म्हणत गेल्या, "ताट एक चालतं. टॉवेल चालतो. मिठी चालते. मुका चालतो. एका पांघरुणात झोपलेलं चालतं. दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश तेवढा ज्याचा त्याचा. तो तसाही ज्याचा त्याचाच असावा."

मग माझा रिपोर्ट बघितला. मी रोज न चुकता गोळी घेत होते, त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तात विषाणू आता इतका थोडा आहे की मशीनला सापडत नाही. असा न सापडणारा राहिला, तर शरीरसंबंधातून तो नवऱ्याला लागत नाही. पण तो तसा राहतो तो गोळीमुळे. गोळी चुकवली तर हे बोलणं रद्द. आणि ही तपासणी ठरलेल्या वेळी करत राहायची."

मी ते त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी तितक्याच शांतपणे पुन्हा म्हटलं.

"मग निरोध कशाला?" टेबलावरच्या पाकिटांकडं बघत यांनी विचारलं.

"दुसरे आजार असतात. मूल कधी हवं ते तुम्हाला ठरवायचंय. आणि तिसरं म्हणजे, हिची भीती अजून गेलेली नाही. निरोध असला तर ही निवांत राहील. ती निवांत झाली पाहिजे ना?"

हे म्हणाले, "व्हय. ते महत्त्वाचं."

मग त्यांनी त्या लाकडी वस्तूवर करून दाखवलं. पाकिटावरची तारीख बघायची, पाकीट दातानं फाडायचं नाही, टोक चिमटीत धरून हवा काढायची, संबंधाच्या आधीच चढवायचा, नंतर कडेला धरून सावकाश बाहेर यायचं, गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात. दरवेळी नवा. एकावर एक दोन कधीच नाही. फाटलाच तर घाबरायचं नाही, खरवडून धुवायचं नाही, लगोलग दवाखान्यात यायचं. मग यांना करायला लावलं. मोटारीचं काम करतात तसे हे मान खाली घालून लक्षपूर्वक करत होते. मला हसू फुटलं. मॅडमही हसल्या.

"कोरडं वाटलं तर पाण्यापासून बनवलेलं जेल मिळतं, ते वापरा. खोबरेल तेल नको."

"तेलानं रबर फुगतं," हे लगेच माझ्याकडं वळून म्हणाले. "वायसर कसा खराब होतो, तसं."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी यांना बाहेर बसायला सांगितलं. दार लोटलं आणि मला विचारलं, "सुमन, तुला हवंय का हे? नवरा म्हणतो म्हणून नाही. तुला."

एचआयव्ही झाल्यापासून माझं वजन विचारलं होतं, भूक विचारली होती, झोप विचारली होती. हे कुणी विचारलं नव्हतं. आजार होण्याआधीही नाही. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "तोंडानं बोल." मी म्हटलं, "हवंय."

"मग छान. आणि ज्या दिवशी नको वाटेल, त्या दिवशी नको म्हणायचं. तेही तोंडानं."

परत येताना बाईकवर मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. रेल्वेचं फाटक उघडं असूनही त्यांनी गाडी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घेतली.

पुढचं सगळं इथं लिहिणार नाही. घाई झाली नाही, एवढंच सांगते. आधी नुसतं शेजारी झोपलो. मग हळूहळू बाकीचं. सासूबाईंना पलंगाबद्दल पुन्हा बोलावं लागलं नाही.

*

मग निरोध फाटला.

रविवारची दुपार होती, सासूबाई नातेवाइकांकडं गेल्या होत्या. नंतर आमच्या लक्षात आलं. मी यांना न्हाणीत ढकलत होते, पाणी घ्या, साबण घ्या, आणि मोठ्यानं रडत होते. त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली. "मॅडम काय म्हणाल्या हुत्या? घाबरायचं न्हाई, खरवडून धुवायचं न्हाई, लगोलग यायचं. मग चल."

सरकारी दवाखान्यात रविवारी डॉक्टर होते. त्यांनी माझा नुकताच केलेला रिपोर्ट मागवून बघितला, यांना बाजूला बसवून नीट बोलले. अशा वेळी आजार नसलेल्या माणसाला संसर्ग रोखणाऱ्या गोळ्या देता येतात, पण त्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, तीन दिवसांच्या पुढे उपयोग नाही, हे मला तिथं कळलं. आमच्या बाबतीत माझा विषाणू दबलेला होता, म्हणून त्यांनी सांगितलं की गोळ्यांची गरज नाही, फक्त पुढे तपासणी करू.

सोमवारी शेख मॅडमनी मात्र यांना फैलावर घेतलं. "पाकीट कुठं ठेवलं होतं?"

"बाईकच्या डिकीत."

"दौंडच्या उन्हात? डिकीत? मोटारवाले ना तुम्ही?"

हे शाळेतल्या पोरासारखे उभे होते.

तपासणीपर्यंतचे दिवस वाईट गेले. मी परत खाली अंथरूण घालायला लागले. ते मला अडवायचे नाहीत, पण स्वतःही खाली यायचे, आणि या वेळी समोरच्या भिंतीला नाही, माझ्या शेजारी. मी सरकले की सरकायचे. शेवटी भिंत लागली आणि मला हसू आलं.

"तुमाला भ्या वाटत न्हाई?" मी विचारलं.

"वाटतं की," ते म्हणाले. "पर तू तिकडं आन् मी हिकडं, ह्याचं जास्त वाटतं."

त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मॅडमनी कागद माझ्या हातात दिला, त्यांच्या नाही. आम्ही स्टेशनजवळ उभं राहून भजी खाल्ली. मी इतकी खाल्ली की रात्री जेवलेच नाही.

*

सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. रोज रात्री मी कसली गोळी घेते, असं त्यांनी विचारलं आणि मला खोटं बोलवेना. हे शेजारी बसले होते. मी सांगितलं, यांना नाही हेही सांगितलं, का नाही तेही माझ्या परीनं सांगितलं.

त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "लगीन करताना ठावं हुतं का ह्याला?"

"व्हय."

"आन् मला सांगितलं न्हाई." त्या उठून बाहेर गेल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. स्वयंपाक केला, वाढला, पण शब्द नाही. यांनी समजावायला सुरुवात केली की हातानेच थांबवायच्या. मी आप्पांना फोन करून सांगितलं की कदाचित परत यावं लागेल. आप्पा म्हणाले, "ये की. पर आज नगं. थांब जरा."

तिसऱ्या दिवशी टीव्हीवरची त्यांची मालिका संपली आणि त्यांनी बाहेरून हाक मारली, "सुमे, गोळी घेतली का?"

तेव्हापासून ते काम त्यांनी स्वतःकडं घेतलंय. मालिका संपली की हाक. मालिका लांबली तर त्या मधेच उठतात.

*

गेल्या महिन्यात त्या हट्टानं आमच्याबरोबर मॅडमकडं आल्या. त्यांना एक प्रश्न विचारायचा होता आणि तो आम्ही विचारत नाही म्हणून त्या चिडल्या होत्या. आत बसल्या बसल्या त्यांनी टेबलावरची लाकडी वस्तू उचलली, फिरवून बघितली. "ह्या बत्त्याचा खल कुठंय?" यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मॅडमनी जराही न हसता ते काय आहे ते सांगितलं. सासूबाईंनी ते हळूच जागेवर ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं. मग आता सांगा, ह्या दोघास्नी लेकरू हुईल का न्हाई?"

"होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांना विचारून, माझा रिपोर्ट असाच चांगला असताना, ठरवून. गरोदरपणातही गोळ्या चालू ठेवायच्या आणि बाळाला जन्मल्यावर औषध द्यायचं. बाळ निगेटिव्ह राहायची शक्यता फार चांगली. आम्ही अजून ठरवलेलं नाही. विचार करतोय. सासूबाईंनी विचार केव्हाच संपवलाय.

आम्ही बाहेर आलो. बाकावर एक मुलगी बसली होती, पंचविशीची असेल. हातात दवाखान्याचा कागद, डोळे सुजलेले. तिचा नवरा लांब गेटपाशी पाठ करून उभा होता. मॅडमनी तिला थोड्या वेळानं आत बोलावते म्हणून सांगितलं होतं. ती कुणाकडंच बघत नव्हती.

सासूबाई तिच्या शेजारी बसल्या. तिला काही विचारलं नाही. फक्त माझ्याकडं बघितलं. त्या कशाची वाट बघताहेत ते मला कळलं. सांगायचं की नाही, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. आजवर अनोळखी माणसाला मी कधी हे सांगितलं नव्हतं.

"मला पण हाय," मी म्हटलं. "लई वर्षं झाली."

तिने पहिल्यांदा वर बघितलं. माझ्याकडं, मग बाईकपाशी उभ्या असलेल्या यांच्याकडं.

"आन् त्यांना?"

"न्हाई. त्यांना न्हाई."

ती गेटकडं बघत राहिली. मग ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली, "मग तुम्ही दोघं… म्हंजी… येगळं ऱ्हाता?"

"न्हाई," मी म्हटलं. "एकत्र. सगळं एकत्र. कसं ते मॅडम आत सांगतील. लाजू नकोस, सगळं इचार. आन् तुझ्या नवऱ्याला पण आत घेऊन जा."

सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून आम्हा दोघींच्या मधे धरला. मेथीची भाजी आणि भाकरी होती. त्यांनी स्वतः एक तुकडा मोडला, एक माझ्या हातात दिला आणि एक तिच्या.

"खा आधी," त्या तिला म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काय न्हाई तुझ्या. मग जा आत."

ती खायला लागली. थोड्या वेळानं गेटपाशी उभा असलेला तिचा नवरा वळला, आमच्याकडं बघितलं, आणि हळूहळू चालत बाकाकडं आला. सासूबाई सरकून बसल्या आणि त्याला जागा करून दिली.